मदत हवी आहे: पहिल्या मजल्यावरचा गाळा, प्रेसचं तेल खालच्या गाळ्यात उतरतंय, ट्रे आणि ड्रेनची सोय कशी करावी?

शेवंती:
नमस्कार मंडळी. साकीनाक्याला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पहिल्या मजल्यावर आमचा गाळा आहे. एक ६० टनी हायड्रॉलिक प्रेस, दोन लेथ, एक कॉम्प्रेसर. बुश-बेअरिंग बसवणं-काढणं आणि थोडं टर्निंग असं जॉबवर्क चालतं. प्रेसच्या रॅममधून (वरखाली होणारा दांडा) ६८ नंबरचं हायड्रॉलिक तेल गळतं, पॉवरपॅकखाली (तेलाची टाकी, पंप आणि मोटर) पण कायम ओलं असतं, महिन्याला २० लिटरची जवळपास एक बादली टॉप-अपला जाते. आजवर भुसा टाकून, कॉटन वेस्टने पुसून भागत होतं पण आता ते स्लॅबमधून खाली उतरायला लागलंय. खालच्या गाळ्यात पॅकिंगच्या खोक्यांचा स्टॉक असतो. मी जाऊन बघून आले, छताला आमच्या प्रेसच्या बरोबर खाली काळपट पिवळा डाग पसरलाय, प्लास्टरला पोपडे आलेत आणि मधोमध एक थेंब धरून असतो, पडला की दुसरा तयार होतो. ते गृहस्थ खरंच समजूतदार आहेत, आवाज चढवला नाही, पण त्यांच्या मालाचं नुकसान माझ्यामुळे होता कामा नये. सोसायटीचं पत्रही आलंय.

सील बदला असं बरेच जण सांगतील म्हणून आधीच लिहिते, रॅमवरच उभे ओरखडे आहेत, नवं सील टाकलं की थोडे दिवस बरं आणि मग परत तेच. रॅम काढून ग्राइंडिंग आणि हार्ड क्रोम करायचं दिवाळीच्या सुट्टीत ठरलंय, त्याआधी प्रेस बंद ठेवणं परवडत नाही. म्हणजे हा पावसाळा तेल पकडूनच काढायचाय. ट्रे करायला घेतला तर त्याला ड्रेन कुठे काढू, लादीच्या खाली जागा नाही आणि स्लॅबला भोक पाडायचा प्रश्नच नाही. लेथचा कूलंट (कापताना थंड ठेवायला वापरतो ते तेल मिसळलेलं पाणी) आणि कॉम्प्रेसरचं दुधाळ पाणी पण त्यातच घ्यावं का? आमचे प्रेसवरचे दादा वयस्कर आहेत, तेलकट लादीवर त्यांचा पाय सरकेल याची मला त्या डागाइतकीच धास्ती आहे. कोणी असं काही स्वतः केलं असेल तर प्लीज नीट सविस्तर सांगा.

जुना_फिटर:
शेवंतीताई, महिन्याला २० लिटर म्हणजे २५ दिवस आठ तासांची पाळी धरली तर साधारण दर दोन सेकंदाला एक थेंब पडतोय. (थेंब सतत सेकंदाला एक पडला तर २४ तासांत चार लिटरच्या वर जातं, बघताना कुणाला खरं वाटत नाही.) एवढं तेल लादीवर पडू देऊन मग गोळा करण्यात अर्थ नाही, ते निघतं तिथेच धरा.

रॅमचं तेल सरळ खाली टपकत नाही, रॅमला चिकटून खाली उतरतं आणि जॉबवर पडतं, म्हणून नुसती वाटी लटकवून काही होत नाही. पत्र्याची गोल पन्हळ करून घ्या, दोन अर्ध्या भागांत, म्हणजे रॅम न काढता दोन्ही बाजूंनी लावून सिलिंडरच्या खालच्या फ्लँजला बोल्टने आवळता येते, जोडाला गॅस्केट घाला. पन्हळीच्या आतल्या काठाला फेल्टची (दाबून केलेल्या लोकरीची) रिंग बसवा, रॅमला हलकी टेकेल अशी. रॅम खाली येताना फेल्ट तेल पुसून घेतं आणि ते पन्हळीत उतरतं. पन्हळीला एका बाजूला तोटी, तोटीला अर्धा इंची नळी, नळी फ्रेमला क्लिपने बांधत खाली कारब्यात (कॅनमध्ये). नळी कुठेही झोळ खाऊ देऊ नका, झोळात तेल साठून राहतं आणि पन्हळ वरून भरून वाहते. कारब्याच्या झाकणाला हवेसाठी एक छोटं भोक हवंच, नाहीतर आतली हवा कोंडते आणि तेल उतरत नाही. फेल्ट झिजतं, दादांना सांगून ठेवा की रॅमवर ओली रेघ दिसली की बदलायचं. नागदेवी स्ट्रीटला फेल्ट आणि सील किट दोन्ही मिळतं.

आणि एक कळकळीने सांगतो. पॉवरपॅकची गळती शोधताना प्रेशर चालू असताना होजवर किंवा जोडावर हात फिरवू नका, कुणाला फिरवू देऊ नका. बारीक भोकातून निघालेली तेलाची धार हातमोज्यातून कातडीत घुसते, बाहेरून टाचणीएवढी खूण दिसते आणि आत हात सडतो, तासाभरात ऑपरेशनची वेळ येऊ शकते. पुठ्ठ्याचा तुकडा लांबून फिरवा, त्यावर डाग उमटतो.

घाटकोपरकर:
फिटरसाहेबांना +१. आता ट्रेबद्दल. प्रेसची फ्रेम उचलायच्या फंदात पडू नका, ती जड आहे आणि बोल्टने बसवलेली असणार, तिच्या दोन पायांच्या मध्ये आणि भोवती इंचभर काठाचा ट्रे पुरे कारण मुख्य तेल पन्हळीत जाईल. पॉवरपॅक मात्र उचलता येतो. टाकी रिकामी करा आणि खाली १०० मिमीचे लोखंडी चॅनल (पन्हळीसारखे दुमडलेले बार) घाला, मग ट्रेला ढाळ द्यायला आणि तोटीला जागा मिळते.

पॉवरपॅकच्या ट्रेचं माप टाकीवरून काढा. नियम असा की टाकी पूर्ण फुटली तरी सगळं तेल ट्रेत मावायला हवं, वर दहा टक्के जास्त. तुमची टाकी १०० लिटरची धरली तर ४ फूट बाय सव्वातीन फूट आणि काठ ४ इंच एवढ्यात साधारण १२० लिटर बसतं. २ मिमी एमएस पत्रा, कोपरे कापून दुमडून पूर्ण वेल्ड, टाके मारून नाही. ढाळ मीटरला १० मिमी, पाणसळ लावून बघा. सगळ्यात जास्त गडबड तोटीत होते, वेल्डर सॉकेट आतून वर येईल असा लावतो आणि मग तळाला कायम अर्धा इंच तेल साचून राहतं, त्याला आधीच सांगा की सॉकेट तळाच्या बरोबरीत किंवा किंचित खाली हवा. त्याला अर्धा इंची बॉल व्हॉल्व्ह. तोंडावर जाळी बसवा, लेथच्या चिप्स उडून येतात आणि व्हॉल्व्हमध्ये अडकतात.

ट्रे रंगवण्याआधी टेस्ट करा. वेल्डच्या बाहेरच्या बाजूला खडू पाण्यात कालवून पातळ थर द्या, वाळू द्या, आतून रॉकेल किंवा डिझेल लावा. जिथे बारीक भोक असेल तिथे पांढऱ्या खडूवर काळा ठिपका येतो. पाणी भरून जे दिसत नाही ते यात दिसतं.

शेवंती:
दोघांचेही मनापासून आभार, इतकं बारीक सांगाल असं वाटलं नव्हतं. चॅनलची आयडिया डोक्यातच आली नव्हती. अजून विचारते, पन्हळीतून कारब्यात आलेलं तेल तर स्वच्छच असणार ना, ते गाळून परत टाकीत टाकलं तर चालेल का, कारण तेलाचा खर्च पण दुखतो. आणि पावसात आमच्याकडे खिडकीतून पाणी येतं, ट्रेमध्ये पाणी गेलं तर काय करायचं?

निळू_मेंटेनन्स:
परत टाकू नका ताई, कापडाने गाळून तर अजिबात नाही. व्हॉल्व्हच्या आत स्पूलचा (सरकणाऱ्या दांडीचा) गॅप काही मायक्रॉनचा असतो, डोळ्याला दिसत नाही असा कण तिथे अडकतो आणि नवीन ओरखडे पडतात, तुमचा रॅम बहुतेक अशाच घाणीने खराब झालाय. १० मायक्रॉनच्या फिल्टर कार्टमधून (चाकांवरचा पंप आणि फिल्टर) काढता येत असेल तर वेगळी गोष्ट, नाहीतर चेनला, स्लाइडला, गंजू नये म्हणून पडून असलेल्या जॉबला लावा.

पावसाचं पाणी हा खरा धोका आहे आणि त्याचा कोणी विचार करत नाही. तेल पाण्यापेक्षा हलकं, ट्रेमध्ये पाणी शिरलं की तेल वर तरंगतं आणि भरून वाहायला लागलं की आधी तेलच बाहेर जातं. म्हणजे ज्या दिवशी ट्रेची सगळ्यात जास्त गरज त्या दिवशी तोच तेल लादीवर पसरवतो. खिडकीला शेड करा, आणि मोठा पाऊस येणार असेल तर पाळी संपताना ट्रे रिकामा करूनच निघा. तळाचा व्हॉल्व्ह उघडला की आधी पाणी येतं, ते मोरीत नको, पिंपात घ्या.

कूलंट आणि कॉम्प्रेसरचं पाणी एकत्र करू नका. मुंबईच्या दमट हवेत कॉम्प्रेसर पाणी खूप काढतो, त्यासाठी एक पिंप ठेवा, त्यात बाहेर जाणारा पाइप तळाजवळून सुरू होऊन वर येऊन वाकलेला, आत येणाऱ्या पाइपपेक्षा थोडा खाली. तेल वर राहतं, खालचं पाणी निघतं. पण तुम्ही दुधाळ म्हणताय, म्हणजे तेल त्यात मिसळून गेलंय, ते नुसतं ठेवून वेगळं होणार नाही, ते वापरलेल्या तेलासारखंच द्यावं लागेल. कूलंट तर मुद्दामच मिसळलेला असतो. त्यावर सोमवारी सकाळी जो तेलाचा थर येतो आणि वास सुटतो तो लेथच्या स्लाइडच्या तेलाचा, मशीन बंद असताना बेल्ट स्किमर (वरचं तेल उचलणारा फिरता पट्टा) लावला तर वरचा थर तेवढा निघतो आणि कूलंट जास्त टिकतो.

लीना_के:
मी सिव्हिलवाली आहे, स्लॅबबद्दल सांगते. आज गळती शून्य झाली तरी काँक्रीटमध्ये मुरलेलं तेल बरेच आठवडे खाली टपकत राहील, हे खालच्यांना आत्ताच सांगा आणि तोवर त्यांच्या स्टॉकवर ताडपत्री आणि त्या थेंबाखाली स्वतःच्या खर्चाने एक ट्रे लावून द्या, संबंध टिकतील. वरून लगेच इपॉक्सी मारायला कोणी सांगेल, तेलकट काँक्रीटला ते धरत नाही, पापुद्रे निघतात. आधी डीग्रीझर आणि गरम पाण्याने घासा, पाणी पुसून घ्या वाहू देऊ नका, मग शोषून घेणाऱ्या पावडरचा जाड थर देऊन ठेवा, पावडर काळी झाली की बदला. दादांच्या उभं राहायच्या जागी मॅट टाकाल तर नायट्रील रबरची घ्या, साधं रबर तेलात फुगतं. भुसा बंद करा, तो चपलांबरोबर सगळीकडे फिरतो आणि तेलात भिजलेला ढीग आगीला आमंत्रण आहे. पांढरे पॉलीप्रॉपिलीनचे पॅड मिळतात, ते तेल पितात आणि पाणी सोडतात, पावसाळ्यात तेच बरे.

घाटकोपरकर:
एक राहिलं, जमा झालेलं तेल. कारबा भरला की भंगारवाल्याला देऊन मोकळं होऊ नका, त्यातलं किती भट्टीत जळतं आणि किती नाल्यात जातं कोण बघतो, आणि साकीनाक्याचा नाला म्हणजे मिठी आणि पुढे माहीमची खाडी. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं तेल हे यादीत ५.१ नंबरला येतं, ९० दिवसांपेक्षा जास्त साठवायचं नाही आणि अधिकृत रिसायकलरलाच द्यायचं, बरोबर मॅनिफेस्ट (माल कुणी कुणाला दिला त्याचा कागद). तेलकट चिंध्या आणि पॅड पण त्याच नियमांत येतात. एकट्याचा माल कमी म्हणून गाडी येत नाही, तेव्हा इस्टेटमधल्या इतर लेथवाल्यांशी बोला आणि सोसायटीलाच महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे विचारणा करायला लावा, सगळ्यांचं एकदम कसं देता येईल म्हणून. तुमच्याकडे पत्र आलंच आहे, उत्तरात हेच लिहा.

शेवंती:
हे फारच उपयोगी पडलं, सोसायटीच्या उत्तरात नक्की लिहिते. आज फॅब्रिकेटरला पन्हळ आणि पॉवरपॅकच्या ट्रेचं माप दिलं, सॉकेट तळाच्या बरोबरीत हे चित्र काढून दिलंय. ताडपत्री उद्या खाली पोचवतेय. जुना_फिटर, रॅम ४ इंची आहे, फेल्ट किती जाडीचं घेऊ आणि रॅमला किती दाब ठेवू ते सांगाल का?

जुना_फिटर:
१० मिमी जाड घ्या. आतलं भोक रॅमपेक्षा एक मिमी लहान कापा, रिंग एका जागी तिरकी कापून रॅमभोवती घाला, वरखाली पत्र्याची चकती देऊन धरा. आधी त्याच तेलात भिजवून मग बसवा, कोरडं फेल्ट सुरुवातीला रॅमला घासतं. फोटो टाका बसवल्यावर.