प्रबंध, संसार आणि नियमांतील सवलत
मूल लहान असताना पीएच.डी. अर्धवटच राहते, म्हणून संसार पुढे ढकलावा, हे मत मला पटत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमावलीनुसार सहा वर्षांच्या कमाल मुदतीत स्त्री संशोधकांना दोन वर्षांची सवलत आणि प्रसूती वा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते, आणि २०२२ च्या नियमावलीतही ही तरतूद कायम आहे. मला मात्र ती एका ज्येष्ठ मैत्रिणीकडून, फार उशिरा कळली.

नागपूरच्या उन्हाळ्यात लेक झोपलेली असताना पहाटे चार ते सहा एवढाच वेळ माझा होता. प्रबंधाला सात वर्षे लागली आणि प्राध्यापकपदाची एक संधी हुकली, याचे दुःख आजही आहे. पण त्याच संथ वर्षांत सासूबाईंकडून जात्यावरच्या ओव्या ऐकता ऐकता माझ्या प्रबंधाचे तिसरे प्रकरण सुचले.