ऱ्होडामाइन-आधारित लिगंडला येणारा गुलाबी रंग धातूमुळे की आम्लामुळे?

प्रश्न

ऱ्होडामाइन बी हायड्राझाइड आणि सॅलिसिलाल्डिहाइड यांच्यापासून मी एक शिफ बेस (अमाइन गट आणि अल्डिहाइड जोडून बनणारे संयुग) तयार केला असून धातूंचे आयन रंगबदलावरून ओळखण्यासाठी तो लिगंड (धातूच्या आयनाला जोडला जाणारा रेणू) म्हणून वापरून पाहत आहे. ॲसिटोनायट्राइल आणि पाणी यांच्या समप्रमाण मिश्रणात त्याचे १० मायक्रोमोलर द्रावण अगदी रंगहीन असते. त्यात तांब्याचे द्विसंयुजी आयन घातले की काही सेकंदांत गुलाबी रंग येतो आणि ५५५ नॅनोमीटरच्या आसपास शोषणाचा ठळक पट्टा उमटतो. मात्र फेरिक क्लोराइड आणि ॲल्युमिनियम नायट्रेट घातल्यावरही तसाच रंग येतो. जस्त, निकेल आणि कॅडमियम यांनी येत नाही. शिवाय तांब्याने रंग गडद येऊनही प्रतिदीप्ती (शोषलेला प्रकाश पुन्हा बाहेर टाकणे) क्षीण राहते, तर ॲल्युमिनियम घातलेल्या क्युव्हेटमधून (मोजणीच्या पारदर्शक पात्रातून) नारिंगी प्रकाश स्पष्ट दिसतो. धातूंची मूळ द्रावणे पाण्यातली, १० मिलिमोलर आहेत. २ मिलिलिटर लिगंडमध्ये मी त्यांतील २० मायक्रोलिटर घालते. बफर (सामू, म्हणजे पीएच, स्थिर ठेवणारे द्रावण) वापरलेला नाही. हा लिगंड तीन धातूंना प्रतिसाद देतो असे लिहिणे योग्य ठरेल का?

उत्तर १

बफर वापरलेला नाही, तोवर तसे लिहू नये. आपल्या रेणूतील स्पायरोलॅक्टम कडे (अणूंचे वलय) बंद असते तेव्हा झँथीनच्या (रंग देणाऱ्या) भागातील संयुग्मन (एकाआड एक दुहेरी बंधांची साखळी) तुटलेले असते, म्हणून द्रावण रंगहीन दिसते. कडे उघडले की रंग आणि प्रतिदीप्ती दोन्ही परततात. हे कडे धातू जोडला गेल्याने उघडते, तसेच प्रोटॉन जोडला गेल्यानेही उघडते, आणि या दोन्ही उघडलेल्या रूपांचे शोषणपट्टे इतके जवळजवळ असतात की केवळ वर्णपट पाहून फरक सांगणे अवघड जाते.

आता आपण घातलेल्या क्षारांकडे पाहा. पाण्याने वेढलेला फेरिक आयन स्वतःच आम्ल असतो आणि त्याचा पीकेए (आम्लतेचे माप; जितका कमी तितके आम्ल तीव्र) सुमारे २.२ आहे, ॲल्युमिनियमचा सुमारे ५, तर तांब्याचा ८ च्या जवळपास. आपल्या क्युव्हेटमध्ये धातूची अंतिम संहती सुमारे १०० मायक्रोमोलर होते. एवढ्या संहतीला बफर नसलेल्या पाण्यात फेरिक आयन सामू ४ च्या आसपास खाली आणतो, ॲल्युमिनियम साधारण ४.५ पर्यंत आणतो, तांबे मात्र ६ च्या जवळच थांबते. मिश्र द्रावकात हे आकडे थोडे सरकतील, पण क्रम बदलणार नाही. रंग देणाऱ्या तीन धातूंपैकी दोन नेमके सर्वांत आम्लधर्मी आहेत, ही गोष्ट मला बोलकी वाटते.

पडताळणी सोपी आहे. लोहाच्या क्युव्हेटचा सामू मोजावा, धातू न घालता केवळ सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने लिगंडचे द्रावण त्याच सामूवर आणावे आणि दोन्ही क्युव्हेट पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवावेत. त्यानंतर सर्व मोजण्या सामू ७.२ च्या हेपेस बफरमध्ये पुन्हा कराव्यात. फॉस्फेट टाळावे, कारण ते लोह आणि ॲल्युमिनियम यांचा साका खाली बसवते. ट्रिसही टाळावे, कारण त्यातील अमाइन तांब्याला स्वतःच धरते.

उत्तर २

तांब्याच्या क्षीण प्रतिदीप्तीविषयी लिहितो. द्विसंयुजी तांब्याचा आयन डी९ रचनेचा (डी कक्षकांत नऊ इलेक्ट्रॉन) आणि अनुचुंबकीय (जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेला) असतो. तो रंगद्रव्याला जोडलेला राहिला, तर उत्तेजित अवस्थेतील ऊर्जा प्रकाश न देताच विरून जाते. त्यामुळे गडद रंग आणि मंद प्रकाश ही जोडी आपल्या बाबतीत दोष नसून, तांबे खरोखर लिगंडला जोडलेले असल्याची खूण आहे. याउलट चार्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये नुसते ऱ्होडामाइन बी हायड्राझाइड तांब्यासाठी वापरले, तेव्हा प्रतिदीप्ती वाढली होती, कारण तेथे तांब्याने हायड्राझाइडचे जलापघटन (पाण्याने बंध तोडणे) घडवून मुक्त ऱ्होडामाइन बी तयार केले होते. तो बदल परत फिरणारा नव्हता.

आपल्याकडे यांपैकी काय घडते हे ईडीटीए (धातूचे आयन घट्ट धरून काढून घेणारे संयुग) घालून कळेल: तांबे नुसते जोडलेले असेल, तर रंग जाईल. मात्र ईडीटीएच्या डायसोडियम क्षाराचे द्रावण आम्लधर्मी असते आणि टेट्रासोडियम क्षाराचे अल्कधर्मी. बफर नसताना टेट्रासोडियम क्षार घातला, तर आम्लामुळे आलेला रंगही नाहीसा होतो आणि धातू निघून गेल्याचा भास होतो. मी स्वतः एकदा याच भासामुळे आठवडाभराच्या नोंदी चुकीच्या अर्थाने वाचल्या होत्या. म्हणून ईडीटीएचे द्रावण आधी सामू ७.२ वर आणावे आणि मगच ते बफरमधील क्युव्हेटमध्ये घालावे.

प्रश्नकर्ती

दोघांचीही मनापासून आभारी आहे. केवळ आम्ल घातलेला क्युव्हेट लोहाच्या क्युव्हेटइतकाच गुलाबी झाला. हेपेसमध्ये लोहाचा रंग आलाच नाही, ॲल्युमिनियमची अगदी फिकट छटा उरली आणि तांब्याचा रंग तसाच राहिला. सामू जुळवून घातलेल्या ईडीटीएने तो काही मिनिटांत फिका होत जाऊन नाहीसा झाला. तर आता लोहाला प्रतिसाद नाही, असे लिहावे का? आणि शोधमर्यादा (ओळखता येणारी सर्वांत कमी संहती) कोणत्या पद्धतीने काढावी?

उत्तर १

रंग परत फिरला याचा अर्थ तांबे जलापघटन घडवत नाही, जोडले जाऊन सुटते आहे. ही चांगली बातमी आहे. लोहाबाबत मात्र शब्द जपून वापरावेत. सामू ७.२ वर फेरिक आयन मोकळा उरतच नाही, त्याचे हायड्रॉक्साइड होते; म्हणून ‘या परिस्थितीत प्रतिसाद मिळत नाही’ एवढेच विधान प्रयोगाने सिद्ध होते. लिगंड लोहाला जोडलाच जात नाही, असे त्यातून निघत नाही.

शोधमर्यादेसाठी धातू न घातलेल्या द्रावणाची किमान १० वाचने घ्यावीत, त्यांच्या प्रमाण विचलनाची तिप्पट करावी आणि तिला कमी संहतीच्या सरळ भागातील उताराने भागावे. संपृक्ततेकडे वळलेले बिंदू त्या रेषेत घेऊ नयेत. पिण्याच्या पाण्यातील तांब्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य लिटरला २ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ३१ मायक्रोमोलर आहे, त्यामुळे तांब्याकरिता नॅनोमोलर मर्यादेच्या मागे धावण्याची गरज नाही. शिशासाठी तेच मूल्य लिटरला १० मायक्रोग्रॅम, म्हणजे सुमारे ४८ नॅनोमोलर आहे. तेथे गणित वेगळे झाले असते.

आणखी एक प्रयोग अवश्य करावा: जस्त, निकेल, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांच्यापैकी एकेक आयन आधी जास्त प्रमाणात घालून, नंतर तांबे घालावे. एकट्या तांब्याने मिळणारे शोषण या गर्दीतही मिळाले, तर निवडकतेचा दावा करता येईल.