तोंडाचा कॅन्सर बरा झाला, पण सासूबाई मिश्री मागतात

निपाणीची सून:
आत्यांचं गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, ३० शेक (रेडिएशन) झाले. त्याला आता पाच महिने झाले. तोंड सारखं कोरडं, जेमतेम दीड बोट उघडतं. परवा तांदूळ निवडताना त्यांनी शेजारणीकडे चिमूटभर मिश्री मागितली. मी ओरडले, त्या रडायला लागल्या. काय करू?

चिकोडीच्या काकू:
पोरी, ओरडू नकोस. सहा वर्षांमागं मी त्यांच्याच जागी होते. तंबाखूच्या वखारीत कामाला जायची आणि दिवसातून चारदा मिश्री लावायची. माझ्या आईच्या घराचा वास म्हणजे तव्यावर भाजलेली तंबाखू. ऑपरेशननंतर चौथ्या महिन्यात लपून एकदा लावली. गालात आग पडली आणि कुणाला सांगताही येईना. शेवटी लेकीला सांगितलं. ती काही बोलली नाही, डबी उचलून परसात ओतून आली. आजही शेजारी तंबाखू भाजायला लागले की मी उठून मळ्याकडं चालू लागते. पाच-दहा मिनिटांत ओढ उतरते. आत्यांना घेऊन तूही चाल.

तोंडासाठी डॉक्टरांना विचारून आइस्क्रीमच्या काड्या घ्या. वरच्या-खालच्या दातांमध्ये बसतील तेवढ्या एकावर एक ठेवायच्या, दिवसातून चार-पाच वेळा. जोर लावायचा नाही. अकरावरून सतरावर यायला मला सात महिने लागले.

शेकानं लाळेच्या ग्रंथी सुकतात, आणि लाळ नसली की दात भराभर किडतात. फ्लोराइडची पेस्ट वापरा. दात काढायची वेळ आली तर आधी शेक देणाऱ्या डॉक्टरांना विचाराच, त्या जबड्याचं हाड लवकर भरून येत नाही. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. एका दाढेपायी वर्षभर भोगलं. खाण्यात आंबील, दुधात कुस्करलेली भाकरी. तिखट अजून नको.

खानापूरकर:
१८००-११-२३५६ वर तंबाखू सोडायला फुकट सल्ला मिळतो. बाबांचा गुटखा सुटायला त्याची मदत झाली. पुढच्या तपासण्या मात्र चुकवू नका.

निपाणीची सून:
आत्यांना सगळं वाचून दाखवलं. आज नऊ काड्या बसल्या. त्या विचारतात, काकू, तुम्हाला आता भाकरी चावता येते का?

चिकोडीच्या काकू:
शिळी, कडक नाही जमत. तव्यावरची गरम, वर लोणी घालून, अर्धी जाते.