सी लायब्ररीत थ्रेड्सचे सामायिक व्हेरिएबल कसे सांभाळावेत? सल्ला हवा

अंबडकर:
नमस्कार मंडळी. अंबडला एका छोट्या युनिटमध्ये आहे. पिंपळगावकडच्या द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजसाठी तापमान वाचणारी सी लायब्ररी लिहितोय. दोन थ्रेड (एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणारी कामं) सेन्सर वाचतात, तिसरा स्क्रीनवर दाखवतो. तापमान, वेळ आणि रीडिंगचा काउंटर ग्लोबल स्ट्रक्टमध्ये (सगळ्या थ्रेडना दिसणाऱ्या एकत्र डेटात) आहेत, सगळ्यांना व्होलाटाइल लावलंय. तरी मधूनच नव्या तापमानापुढे जुनी वेळ दिसते, काउंटरही मागे पडतो. सीझन तोंडावर आलाय. काय करू?

सातपूरचा_सी:
व्होलाटाइलच्या भरवशावर राहू नका. ते कंपायलरला एवढंच सांगतं, की दर वेळी मेमरीतूनच वाच. दोन थ्रेड एकदम घुसले तर अडवत नाही. काउंटर प्लस प्लस दिसायला एक काम, आत तीन: वाचणं, एक मिळवणं, परत लिहिणं. दोघांनी ४१ वाचलं, दोघांनी ४२ लिहिलं, एक मोजणी गेली. नुसत्या काउंटरला सी११ (सीचं २०११ चं मानक) मधला ॲटॉमिक पुरे, त्यात ही तीन कामं न तुटता एकदम होतात. पण तापमान आणि वेळ ही जोडी आहे, तिथे म्युटेक्सच हवा, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारा लॉक. तो त्याच स्ट्रक्टमध्ये ठेवा आणि स्ट्रक्टची व्याख्या हेडरमध्ये देऊच नका. बाहेरच्यांना फक्त फंक्शन्स.

अंबडकर:
म्हणजे गेट फंक्शनने लॉक करून पॉइंटर परत दिला तर चालेल?

सातपूरचा_सी:
नाही हो! फंक्शन संपलं की लॉक सुटला, पॉइंटर मात्र बाहेर मोकळा. लॉक असतानाच कॉपी करा आणि ती द्या.

सिन्नर_एम्बेडेड:
एक कळकळीने सांगतो. लॉक धरून कॉलबॅक (लायब्ररीने बोलवायला बाहेरून दिलेलं फंक्शन) मारू नका. माझ्या अलार्मच्या कॉलबॅकने आतून पुन्हा गेट बोलावलं. तोच थ्रेड, तोच म्युटेक्स, सगळं जागच्या जागी ठप्प. रिकर्सिव्ह म्युटेक्सने (तोच थ्रेड पुन्हा घेऊ शकतो असा) सुटलं असतं, पण मला ते पटत नाही; अर्धवट बदललेला डेटा मग कॉलबॅकच्या हाती लागू शकतो. कॉपी, अनलॉक, मग कॉलबॅक. आणि ६४ बिटच्या लिनक्स पीसीवर जीसीसी कंपायलरचा थ्रेड सॅनिटायझर (थ्रेडची डेटावरची टक्कर पकडणारं साधन) लावून चालवून बघाच.

अंबडकर:
चालवला. जोडीची जागा अपेक्षेप्रमाणे सापडलीच, वर थ्रेड थांबवायचा फ्लॅगही पकडला! तो साधा इंट आहे.

सातपूरचा_सी:
ॲटॉमिक बूल करा. आणि बंद करताना सगळे थ्रेड जॉइन झाल्यावरच (म्हणजे ते संपेपर्यंत थांबून) म्युटेक्स डिस्ट्रॉय करा, आधी नाही.