मदत हवी आहे: ताईला एमएस नव्हे, एनएमओ निघाला. अ‍ॅस्ट्रोसाइटचा आजार म्हणजे नेमकं काय?

कृष्णाकाठ:

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसतं वाचत आलोय, लिहायची वेळ आज आली. थोडं लांबेल, पण अर्धवट सांगितलं तर तुम्हालाच पुन्हा पुन्हा विचारत बसावं लागेल.

माझी थोरली बहीण ४१ वर्षांची, कराडजवळच्या एका गावात प्राथमिक शिक्षिका. २०२१च्या दिवाळीत तिचा उजवा डोळा दुखायला लागला. बुबुळ फिरवलं की कळ यायची, आणि चार दिवसांत त्या डोळ्याने फळ्यावरचं अक्षर दिसेना. सलाईनमधून स्टेरॉईड दिलं, नजर बरीचशी परत आली. एमआरआय बघून एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) असावा असं सांगितलं गेलं आणि दिवसाआड इंटरफेरॉनचं इंजेक्शन सुरू झालं. ती स्वतःच मांडीत टोचून घ्यायची. एकही चुकवलं नाही तिने.

या फेब्रुवारीत तिला उचकी लागली. उचकीचं काय एवढं, असं आम्हालाही वाटलं. पण ती अकरा दिवस थांबली नाही. जेवताना, झोपेत, वर्गात, सतत. सोबत उलट्या. पित्ताची औषधं झाली, दुर्बिणीने पोट तपासून झालं, काहीच निघालं नाही. मग एके सकाळी आपोआप थांबली आणि आम्ही सुटकेचा श्वास सोडला. दीड महिन्यात तिचं छातीखालचं अंग बधिर झालं, दोन दिवसांत दोन्ही पाय गेले, लघवी अडली.

दुसऱ्या शहरात हलवलं. तिथल्या डॉक्टरांनी फाइल उघडायच्या आधी विचारलं, "मध्यंतरी खूप उचक्या लागल्या होत्या का?" मी आणि भावोजी एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. मज्जारज्जूला सलग पाच मणक्यांइतकी सूज होती. रक्तात एक्यूपी-४ अँटीबॉडी पॉझिटिव्ह आली. पाच दिवस स्टेरॉईड आणि नंतर पाच वेळा प्लाझ्मा बदलला. आता ती वॉकर धरून अंगणापर्यंत येते.

डॉक्टर म्हणाले, "हा एमएस नाही, एनएमओ, म्हणजे न्यूरोमायलायटिस ऑप्टिका आहे. हा अ‍ॅस्ट्रोसाइटचा आजार, म्हणजे ग्लिया पेशींचा." बाहेर पन्नास माणसं खोळंबली होती, मी जास्त विचारलं नाही. रात्री वाचायला बसलो तर ग्लिया म्हणजे ग्रीकमध्ये सरस, चिकटवायचा डिंक, एवढंच कळलं. मी अडत दुकानात हिशेब लिहिणारा माणूस. मला एवढंच विचारायचंय की डिंक बिघडला म्हणून पाय कसे जातात? उचकीचा मेंदूशी काय संबंध? आणि ताई रोज एकच विचारते, "मी ती इंजेक्शनं घेतली म्हणून झालं का रे हे?" तिला काय सांगू? सोमवारी रिटुक्सिमॅब या औषधाबद्दल बोलायला बोलावलंय. जाताना काय विचारावं, तेही सुचवा.

सूक्ष्मदर्शी:

कृष्णाकाठ दादा, मी डॉक्टर नाही. अ‍ॅस्ट्रोसाइटवर प्रयोगशाळेत काम केलंय, तेवढ्या अधिकाराने लिहिते. उपचाराचं तुमच्या डॉक्टरांकडूनच ठरवा.

आधी ताईंचा प्रश्न. हा आजार त्या इंजेक्शनांमुळे सुरू झालेला नाही, डोळा तर त्याआधीच गेला होता. मात्र इंटरफेरॉन एमएसवर चालतं, एनएमओला आवरत नाही, उलट त्याने झटके, म्हणजे आजाराचे नवे हल्ले, वाढू शकतात. म्हणूनच नाव बदलणं एवढं महत्त्वाचं ठरलं. ताईंनी सांगितलेलं औषध नेमाने घेतलं, यात त्यांचा काडीचाही दोष नाही. हे त्यांना माझ्या शब्दांत वाचून दाखवा.

आता डिंक. हे नाव १८५६च्या सुमारास जर्मनीतल्या रुडॉल्फ फिरखो यांनी दिलं. मज्जातंतूंच्या मधला भराव, अशी त्यांची कल्पना होती. नाव चिकटलं आणि शंभर वर्षं या पेशींकडे भराव म्हणूनच पाहिलं गेलं. खरं तर स्पेनमध्ये पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी चांदीच्या क्षारांनी मेंदूचे काप रंगवून १९१९ आणि १९२१मध्ये त्यातले दोन वेगळे प्रकार, मायक्रोग्लिया (मेंदूतल्या राखणदार पेशी) आणि ऑलिगोडेंड्रोसाइट, दाखवून दिले होते. तरी मान सगळा न्यूरॉनलाच, म्हणजे संदेश वाहणाऱ्या पेशींनाच राहिला. एका न्यूरॉनमागे दहा ग्लिया, हा आकडाही पाठ्यपुस्तकांतून कित्येक वर्षं फिरत होता. ब्राझीलमध्ये सुझाना हर्क्युलानो-हौझेल यांच्या गटाने २००९मध्ये मोजलं, तेव्हा मेंदूत सुमारे ८६ अब्ज न्यूरॉन आणि जवळजवळ तेवढ्याच इतर पेशी भरल्या.

तुम्ही कृष्णाकाठचे, तेव्हा रात्री दारं धरायला जाणं माहीत असेल. पाटाला पाणी आलं की कुठलं दार उघडायचं, कुठलं बंद करायचं, कुठल्या वाफ्यात किती सोडायचं, हे बघणारा माणूस बांधावर उभा असतो. अ‍ॅस्ट्रोसाइट म्हणजे मेंदूतला तो माणूस. ग्लियाचाच हा एक प्रकार. या पेशीचे पाय बारीक रक्तवाहिन्यांना वेढून असतात आणि त्या पायांवर पाण्याची दारं दाटीने बसवलेली असतात. त्या दारांचं नाव अ‍ॅक्वापोरिन-४, तेच तुमच्या रिपोर्टमधलं एक्यूपी-४. (पेशींना अशी पाण्याची दारं असतात हे शोधल्याबद्दल पीटर अ‍ॅग्रे यांना २००३चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.) न्यूरॉन बोलताना ग्लूटामेट नावाचं रसायन सोडतात, ते साचून विष होऊ नये म्हणून उचलून घेणं, क्षारांचा तोल राखणं, ही कामंही अ‍ॅस्ट्रोसाइटचीच.

ताईंच्या रक्तातली अँटीबॉडी या दारांनाच शत्रू समजते. ती दाराला चिकटली की कॉम्प्लिमेंट नावाची रक्तातली संरक्षक फौज धावून येते आणि दार धरणारा माणूसच मारला जातो. मग वाफे बुडतात. ग्लूटामेट साचतं, सूज येते, तंतूंवर मायलिनचं आवरण चढवणारे ऑलिगोडेंड्रोसाइट मरतात, आणि शेवटी खुद्द तंतू तुटतात. पाय जातात ते असे. एमआरआयमध्ये दिसतं ते मायलिनचं नुकसान, पण घाव आधी दुसरीकडेच पडलेला असतो. एमएसमध्ये मार मायलिनवर असतो, इथे मायलिन नंतर पडतं. झटक्याच्या वेळी अशा रुग्णांच्या पाठीतल्या पाण्यात जीएफएपी हे अ‍ॅस्ट्रोसाइटच्या आतलं प्रथिन प्रचंड वाढलेलं सापडतं.

दृष्टिचेता (डोळ्याची नस) आणि मज्जारज्जू यांत ही दारं भरपूर, म्हणून डोळे आणि पाय. आणि उचकी! मेंदूच्या देठाच्या मागच्या बाजूला एक छोटा भाग आहे, तिथे रक्त आणि मेंदू यांमधली भिंत मुळातच सैल असते, कारण रक्तातलं विष ओळखून उलटी करवणं हे त्याचं काम. अँटीबॉडीला तिथे सहज शिरता येतं. डॉक्टरांनी उचकी विचारली ती याचसाठी. २०१५च्या आंतरराष्ट्रीय निकषांत हे लक्षण स्वतंत्रपणे धरलेलं आहे.

फ्रान्समध्ये लिओंच्या युजेन डेविक यांनी या आजाराचं वर्णन १८९४मध्येच केलं होतं. तरी त्यानंतर शंभराहून जास्त वर्षं तो बहुतेकांच्या लेखी एमएसचाच एक प्रकार राहिला. २००४मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या व्हँडा लेनन आणि सहकाऱ्यांना रुग्णांच्या रक्तात ही अँटीबॉडी सापडली, २००५मध्ये तिचं लक्ष्य अ‍ॅक्वापोरिन-४ असल्याचं कळलं, आणि दोन आजार कायमचे वेगळे झाले. ग्लियाचा अभ्यास कशाला, असं मला घरचेसुद्धा विचारायचे. यापुढे मी त्यांना ताईंची उचकी सांगेन. अल्झायमरचंही तसंच. २०१३मध्ये टीआरईएम-२ या जनुकातला जो बदल त्या आजाराचा धोका वाढवणारा ठरला, तो जनुक मेंदूत मुख्यतः मायक्रोग्लियातच काम करतो.

ताईंच्या रक्तातली ती अँटीबॉडी बनवणाऱ्या वाटेवर बी पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) असतात, त्या रिटुक्सिमॅब काढून टाकतं. जपानमधल्या चाचणीत (२०२०) ते घेणाऱ्या १९ जणांपैकी एकालाही पुन्हा झटका आला नाही, न घेणाऱ्या १९पैकी ७ जणांना आला. चाचणी लहान होती, पण फरक बोलका आहे.

जास्वंद:

भाऊ, मला एनएमओ होऊन सहा वर्षं झाली. नाशिकला असते. सूक्ष्मदर्शी ताईंनी शास्त्र सांगितलं, मी घरातलं सांगते.

या आजारात माणूस हळूहळू खचत जात नाही, एकेका झटक्यात हरवतो. झटका टळला तर जे उरलंय ते बहुधा टिकतं. म्हणून बरं वाटतंय म्हणून औषध सोडायचं नाही, ही एकच गोष्ट घरातल्या सगळ्यांना पटवा. स्टेरॉईडच्या गोळ्या स्वतःच्या मनाने तर एक दिवसही बंद करू नका, त्या पायरीपायरीनेच उतरवतात.

सोमवारी विचारा: रिटुक्सिमॅबच्या आधी हिपॅटायटिस बी आणि टीबीची तपासणी झाली का? आपल्याकडे टीबी अंगात दबून असणं नवलाचं नाही, आणि हे औषध दबलेली कावीळ उठवू शकतं. लसी कोणत्या आधी घ्यायच्या? पुढचा डोस ठरावीक महिन्यांनी की रक्तातल्या बी पेशी, म्हणजे सीडी-१९, मोजून? अँटीबॉडीची तपासणी सेल-बेस्ड, म्हणजे पेशींवर करायच्या पद्धतीने झाली का? तीच जास्त भरवशाची. खर्चाचं मोकळेपणाने बोला, भारतीय कंपन्यांचं रिटुक्सिमॅब २००७पासून मिळतं आणि ते मूळ ब्रँडपेक्षा स्वस्त पडतं.

लघवीच्या त्रासाबद्दल ताई आपणहून बोलणार नाहीत, मीही वर्षभर बोलले नव्हते. भावोजींसमोर नको असेल तर कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात द्या. पायांचा व्यायाम रोज करायचा, कंटाळा आला तरी. मी तिसऱ्या महिन्यात वॉकर सोडला आणि दहाव्या महिन्यात जिना चढले. प्रत्येकाचं वेगळं असतं, पण सुधारणा बरेच महिने होत राहते.

कृष्णाकाठ:

दोघींचे आभार कसे मानू कळत नाही. काल रात्री ताईला सगळं वाचून दाखवलं. दारं धरण्याचं ऐकून ती म्हणाली, "आबा रात्री बॅटरी घेऊन जायचे तसंच की." मग इंजेक्शनांचं वाचलं. ती काही बोलली नाही, पण आज सकाळी तो प्रश्न विचारला नाही.

फाइल उलटून पाहिली. टीबीची तपासणी आहे, हिपॅटायटिस बीची नाही. सोमवारी पहिलं तेच विचारतो. ताईला विचारायचंय की जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर पुन्हा उचकी लागली, तर किती वाट बघायची? साधी उचकी आणि ही उचकी ओळखायची कशी?

जास्वंद:

साधी उचकी पाणी प्यायल्यावर, थोड्या वेळात जाते. रात्र उलटून गेली आणि ती चालूच असेल, किंवा सोबत उलट्या असतील, तर सकाळी डॉक्टरांना फोन. पित्ताची गोळी घेऊन वाट बघत बसू नका. डोळा दुखला, पायाला मुंग्या आल्या आणि दिवसभर गेल्या नाहीत, तरी तसंच. पर्समध्ये एक चिठ्ठी ठेवायला सांगा: एनएमओ, एक्यूपी-४ पॉझिटिव्ह, चालू औषधं, डॉक्टरांचा नंबर. माझी शाळेच्या शिपाईमामांकडेही एक आहे.