जुलाब: बाळाला बालरोगतज्ज्ञांकडे कधी न्यायचं आणि ते नेमकं काय बघतात?

प्रश्न (चिमणचारा): मुलगी सव्वा वर्षाची. गेल्या महिन्यात वजन 9.5 किलो होतं. कालपासून सात-आठ वेळा पाण्यासारखी शी आणि दोन उलट्या झाल्या. ताप नाही. मेडिकलमधून फळांच्या चवीचा ‘ओआरएस’ टेट्रापॅक आणि जुलाब थांबवायची गोळी मिळाली आहे. द्यायची का? घरी किती वेळ थांबायचं?

पाणवठा: गोळी अजिबात देऊ नका. त्यात लोपेरामाइड असेल तर आतडं मंदावतं, पोट फुगतं, मूल गुंगीत जातं. टेट्रापॅकही बाजूला ठेवा. त्यात साखर जास्त आणि मीठ कमी असतं. जास्तीची साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि शी आणखी पातळ होते. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी अशा पेयांना ‘ओआरएस’ म्हणण्याविरुद्ध कित्येक वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा कुठे ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ शब्द वापरायला मनाई केली.

डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेली पुडी आणा. मोठी पुडी 1 लिटरची, छोटी 200 मिलीची. पुडीवर लिहिलंय तेवढंच पाणी, उकळून गार केलेलं. पुडी पूर्ण रिकामी करायची. ‘अर्धी पुडी, अर्धा पेला’ हा अंदाज फार घातक ठरतो. दर पातळ शीनंतर 50 ते 100 मिली, चमच्याने. उलटी झाली तर 10 मिनिटं थांबा, मग दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा. तयार पाणी 24 तासांनंतर टाकून द्या. अंगावरचं दूध, मऊ वरणभात, केळं चालू ठेवा.

टाकणखार: वरचं सगळं बरोबर, पण झिंक राहिलं. सहा महिन्यांपुढच्या मुलाला रोज 20 मिग्रॅ, 14 दिवस. विरघळणारी गोळी चमचाभर पाण्यात द्यायची. अर्ध्या तासात उलटून पडली तर पुन्हा द्या. शी घट्ट झाली की तिसऱ्या दिवशी लोक झिंक बंद करतात. पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा जुलाब होण्याचा धोका कमी करायला पूर्ण 14 दिवस लागतात.

आता डॉक्टर काय बघतात ते. सगळ्यात आधी उघड्या अंगाने वजन. 9.5 चं 9 किलो झालं असेल तर सुमारे 5 टक्के पाणी गेलं. असं मूल पीत असेल तर चार तासांत किलोमागे 75 मिली, म्हणजे हिला साधारण 700 मिली ओआरएस दवाखान्यातच पाजून पुन्हा तपासतात. घट 10 टक्क्यांच्या आसपास गेली, मूल मलूल पडलं, पिईना, तर शिरेतून सलाइन. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडतात, ती किती वेळात पूर्ववत होते ते बघतात. ही खूण फसवी असते: हडकुळ्या मुलाची कातडी एरवीही सावकाश बसते, गुबगुबीत बाळात कोरडेपणा लपतो. कमी पाण्यात कालवलेल्या दाट ओआरएसमुळे रक्तातलं सोडियम (मीठ) चढलं असेल तर कातडी ठीक वाटते, पण मूल सतत किरकिरतं आणि झटके येऊ शकतात. म्हणून रोज मुलंच तपासणारा हात लागतो. आणि ‘अँटिबायोटिक लिहून द्या’ असा आग्रह धरू नका. या वयातले पाणीदार जुलाब बहुतेक विषाणूंचे असतात, त्यावर ते चालत नाही. शीमध्ये रक्त असेल तर गोष्ट वेगळी.

चिमणचारा: रोटाव्हायरस लसीचे तिन्ही डोस झालेत, तरी जुलाब कसे? आणि डायपरमुळे लघवी कळत नाही.

पाणवठा: 6, 10 आणि 14 आठवड्यांचे ते डोस गंभीर आजार टाळतात, प्रत्येक जुलाब नाही. डायपर काढून सुती लंगोट बांधा. सहा तास लघवी नाही, डोळे खोल गेलेत, रडताना पाणी येत नाही, शीमध्ये रक्त आहे, प्यायलेलं सगळं उलटतंय किंवा जाग आणायला कष्ट पडतायत, यातलं एकही दिसलं तर रात्र असली तरी निघा. जाताना वाटेतही चमचा चालू ठेवा. शेवटची लघवी किती वाजता झाली, किती वेळा शी झाली आणि किती मिली ओआरएस पोटात टिकलं, हे कागदावर लिहून न्या. डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतील.