लिनक्सवर रात्रीच्या बॅकअपचा डिस्कवरचा वेग कसा बांधावा?

रात्रपाळी_सर्व्हर:
नमस्कार मंडळी. उबुंटू २२.०४, कर्नल ५.१५, एकच एनव्हीएमई डिस्क (वेगवान एसएसडी), त्यावर एक्स्ट-फोर फाइलसिस्टिम आणि पोस्टग्रेस डेटाबेस. रात्री पीजी-डंप (पोस्टग्रेसचा बॅकअप घेणारा प्रोग्राम) सुरू झाला की क्वेऱ्या रखडतात. आयोनाइस कमांडने त्याला 'आयडल' वर्ग, म्हणजे डिस्कवरचं सर्वांत खालचं प्राधान्य, लावून पाहिला, काडीचा फरक नाही. डंप सकाळपर्यंत चालला तरी हरकत नाही, पण रात्री काम करणाऱ्यांचं अडता कामा नये. वेग कर्नलकडूनच बांधून घेता येतो का?

सीग्रुपवाला:
येतो. आधी त्या डिस्कचा आयओ शेड्युलर बघा, म्हणजे वाचन-लेखनाच्या (आयओच्या) मागण्यांचा क्रम लावणारा कर्नलचा भाग. एनव्हीएमईवर बहुधा 'नन', म्हणजे कोणताच नाही, असा असतो. आयोनाइस फक्त प्राधान्य सांगतो, ते पाळायचं शेड्युलरने. शेड्युलरच नसेल तर पाळणार कोण? शिवाय साधं लेखन आधी पेज कॅशमध्ये (मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात) जातं आणि कर्नल ते मागाहून डिस्कवर उतरवतो. तिथवर तुमचं प्राधान्य पोचत नाही.

तुम्हाला हवंय ते सीग्रुप व्ही२ मधलं 'आयओ डॉट मॅक्स'. सीग्रुप म्हणजे प्रोसेसचे गट, ज्यांवर कर्नल मर्यादा लावतो; व्ही२ ही त्याची नवी आवृत्ती. बाइट आणि ऑपरेशन्स, दोन्हींवर दर सेकंदाची मर्यादा लावता येते, वाचनाला वेगळी आणि लेखनाला वेगळी. व्ही१ मध्ये पेज कॅशमधून जाणारं लेखन या मर्यादेतून निसटायचं. व्ही२ मध्ये मेमरी आणि आयओ हे दोन्ही कंट्रोलर गटांच्या एकाच झाडावर असल्याने मेमरीतलं कोणतं पान कोणत्या गटाच्या खात्यावर हे कर्नलला कळतं. एक्स्ट-फोरवर ते नीट चालतं.

'आयओ डॉट मॅक्स' फाइलीत हाताने आकडे लिहीत बसू नका. बॅकअपच्या सिस्टिमडी सर्व्हिसमध्ये (सिस्टिमडी म्हणजे लिनक्सवर सर्व्हिस चालवणारा प्रोग्राम) 'आयओ-राइट-बँडविड्थ-मॅक्स' घाला, पुढे डिस्क आणि ४० एमबी. पार्टिशन नको, पूर्ण डिस्क द्या.

जुनी_क्वेरी:
सल्ला बरोबर आहे, पण एक मोठी गोष्ट राहिली. पीजी-डंप स्वतः डेटा फाइली वाचत नाही. वाचतो पोस्टग्रेसचा बॅकएंड (डंपच्या जोडणीसाठी चालणारी सर्व्हरची प्रोसेस), आणि तो दुसऱ्या सीग्रुपमध्ये आहे. त्यामुळे डंपच्या सर्व्हिसवर वाचनाची मर्यादा लावून काही होणार नाही. लेखनाची मर्यादा मात्र लागते. डंप लिहिताना थांबला की दोघांमधलं सॉकेट (डेटा पाठवायची जोडणी) भरतं आणि बॅकएंडलाही थांबावं लागतं. म्हणजे वाचनाला ब्रेक लागतो, पण आडून.

डंप कॉम्प्रेस होतोय का? मग ४० एमबी लिहायला कितीतरी जास्त वाचलं जातं.

पूर्ण क्लस्टरचा (सर्व्हरवरच्या सगळ्या डेटाबेसचा एकत्र) बॅकअप चालणार असेल तर पीजी-बेसबॅकअप हा प्रोग्राम घ्या. त्यात वेगाच्या मर्यादेचा 'मॅक्स-रेट' पर्याय आहे, सेकंदाला ३२ केबी ते १०२४ एमबी. मी तरी हेच करेन.

रात्रपाळी_सर्व्हर:
कॉम्प्रेस होतोय. एकेक टेबल परत आणावं लागतं, म्हणून डंपच हवा. मर्यादेऐवजी 'आयओ डॉट वेट' (गटांमध्ये डिस्क प्रमाणात वाटून देणारी सेटिंग) देऊ का?

सीग्रुपवाला:
'नन' शेड्युलरवर वेट नुसतं लिहून चालत नाही, आयओकॉस्ट (कर्नलचा वेट पाळणारा कंट्रोलर) चालू करावं लागतं किंवा बीएफक्यू हा शेड्युलर घ्यावा लागतो. एका रात्रीच्या जॉबसाठी एवढा खटाटोप नको. लेखन १० एमबीवर आणा.

अगदी १ एमबीवर मात्र नेऊ नका. एक्स्ट-फोरला जर्नल (बदलांची नोंदवही) कमिट करण्याआधी डेटा उतरवावा लागतो. तो या वेगमर्यादेत अडकला तर पोस्टग्रेसचा एफसिंकही (डेटा डिस्कवर पक्का उतरवण्याची मागणी) त्यामागे अडकू शकतो. जमलं तर डंप वेगळ्या फाइलसिस्टिमवर लिहा, म्हणजे जर्नल वेगळं राहील.

मग पोस्टग्रेसच्या सीग्रुपमधली 'आयओ डॉट प्रेशर' फाइल डंप चालू असताना बघा; डिस्कची वाट पाहण्यात किती टक्के वेळ गेला ते ती सांगते. 'सम' (some) ओळीतला दहा सेकंदांचा आकडा मर्यादेआधी किती आणि नंतर किती, ते इथे टाका. त्यावरून १० एमबी वाढवायचे की उतरवायचे ते ठरवू.